झटपट वाढणारे ब्लाइंड, मोजक्या चिप्स आणि पाने न टाकणारे खेळाडू: पोकर स्पर्धेत कसे खेळावे

कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत कुणाच्या घरी किंवा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शनिवारी रात्री रंगणाऱ्या पोकर स्पर्धेचा आराखडा समजा असा आहे: नऊ जण, प्रत्येकी ३,००० चिप्स, २५-५० पासून सुरू होऊन दर पंधरा मिनिटांनी दुप्पट होणारे ब्लाइंड (दोन खेळाडूंनी डाव सुरू होण्याआधी सक्तीने घालायच्या चिप्स; लहान तो स्मॉल ब्लाइंड, मोठा तो बिग ब्लाइंड). अनेकांचा हात दिवाळीतल्या तीन पत्तीवर बसलेला असल्याने पाने टाकून देणे त्यांच्या जिवावर येते आणि फ्लॉप (टेबलावर उघडली जाणारी पहिली तीन सामाईक पाने) पाहायला पाच-पाच जण उतरतात. येथे विचार केला आहे तो पैसे न लावता, करंडकासाठी खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेचा. राज्यात १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू असताना घरी पैसे लावण्याच्या फंदात कुणीही पडू नये.

सर्वप्रथम वेळेचा हिशेब मांडावा. खेळाडू स्वतःच पाने पिसत आणि वाटत असतील, तर तासाला साधारण २० ते २५ डाव होतात, म्हणजे एका पातळीत (ब्लाइंड तेच असण्याच्या पंधरा मिनिटांत) जेमतेम पाच-सहा डाव. ब्लाइंड एकदा दुप्पट होण्याआधी टेबलाची एक फेरीही पूर्ण होत नाही. हातची चिप्सची रास तेवढीच राहिली, तरी ती ६० बिग ब्लाइंडवरून ३०, मग १५ आणि पाऊण तासाने साडेसातवर येते. दश्शीची किंवा त्याहून मोठी जोडी, एक्का-राजा किंवा एक्का-राणी यांपैकी काहीतरी हाती येण्याची सरासरी २१ डावांत एकदा अशी आहे. म्हणून पहिल्या तासात अशी उत्तम पाने एकदाच मिळतील असे धरून चालावे, आणि ती आल्यावर त्यांच्यावर जास्तीत जास्त चिप्स कशा लागतील हे आधीच ठरवून ठेवावे. (दोन कॅट वापरून एक वाटला जात असताना दुसरा पिसून ठेवला, तर डावांची संख्या चांगलीच वाढते; यजमानाने हे अवश्य करावे.)

स्वस्तात फ्लॉप पाहण्याची चैन फक्त पहिल्या दोन पातळ्यांत परवडते. लहान जोडीला फ्लॉपवर तसेच तिसरे पान मिळण्याची शक्यता सुमारे साडेआठ वेळांत एकदा, म्हणून समोर बऱ्याच चिप्स असतील तरच ती वाट पाहणे फायद्याचे ठरते.

सैल खेळणाऱ्यांच्या टेबलावर रेज (लागलेली रक्कम वाढवणे) मोठी हवी. एक्क्यांची जोडी एकाच अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पण पाच जणांविरुद्ध तेच प्रमाण निम्म्यावर येते. ५०-१०० च्या पातळीत दोघांनी नुसते १०० घालून प्रवेश केला असेल, तर ३०० करण्याऐवजी सरळ ६०० करावे. त्यांपैकी एकाने कॉल केले (तेवढ्याच चिप्स घातल्या), तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, १,४५० होतो आणि ३,००० पैकी २,४०० आपल्याकडे उरतात. अशा वेळी फ्लॉपवरच्या सर्वांत मोठ्या पानाशी आपली जोडी लागली, तर माघार घेण्याचे कारण नाही: पॉटच्या दोन-तृतीयांश बेट करावी आणि पुढच्या पानावर उरलेले सारे लावावे. जो खेळाडू कुठल्याही जोडीवर कॉल करतो, त्याच्यासमोर चांगला हात लपवून खेळणे म्हणजे चिप्स गमावणे आणि ब्लफ करणे त्याहून वाईट.

रास १५ बिग ब्लाइंडच्या खाली आली की मधली रेज सोडून द्यावी. १००-२०० च्या पातळीत आपल्याकडे २,८०० आहेत आणि दोघे नुसते २०० घालून आत आले आहेत, तर पॉटमध्ये ७०० पडलेले असतात; नव्वीची जोडी किंवा एक्का-राणी असल्यास थेट ऑल-इन जावे, म्हणजे हातच्या साऱ्या चिप्स लावाव्यात. सर्वांनी पाने टाकली तर रास एका फटक्यात चतुर्थांशाने वाढते, आणि राजा-गुलाम घेऊन कुणी कॉल केलेच तरी एक्का-राणी सुमारे ६० टक्के वेळा वरचढ ठरते.

दहा बिग ब्लाइंडखाली ऑल-इन किंवा फोल्ड (पाने टाकणे) हे दोनच मार्ग उरतात. येथे कोणत्या पानांवर ऑल-इन जावे हे सांगणारे तयार तक्ते जसेच्या तसे वापरू नयेत असे माझे ठाम मत आहे, कारण समोरचा योग्य त्या वेळी पाने टाकतो हे त्यांचे गृहीतकच अशा टेबलावर टिकत नाही. त्यामुळे एकाच रंगाची सत्ती-छक्की सोडावी, पण बटणावरून (पाने वाटणाऱ्याच्या जागेवरून) कुठलाही एक्का, कुठलीही जोडी किंवा राजा-दश्शी असल्यास सारे लावावे. रास पाच बिग ब्लाइंडवर येईपर्यंत मात्र थांबू नये, कारण तेवढ्या राशीचा धाक कुणालाच वाटत नाही.

चिप्स टाकण्याआधी रक्कम तोंडाने सांगावी. १००-२०० च्या पातळीत न बोलता १,००० ची एकच चिप पुढे सरकवली, तर प्रचलित स्पर्धा-नियमांप्रमाणे ते केवळ कॉल ठरते. तिघांनाच बक्षीस असून चौघे उरले असतील आणि एकाकडे दोनच बिग ब्लाइंडइतक्या चिप्स शिल्लक असतील, तर तो आधी बाद होण्याची वाट पाहत मधल्या राशीवाल्याने सर्वांत मोठ्या राशीशी झुंज टाळावी.

दोघेच उरले की बटणवाला स्मॉल ब्लाइंड भरतो आणि फ्लॉपआधी त्यालाच प्रथम बोलावे लागते. एकूण २७,००० चिप्स आणि ८००-१,६०० ची पातळी असेल, तर दोघांत मिळून १७ बिग ब्लाइंडसुद्धा नसतात. तेथे बटणावरून कुठलाही एक्का, राजा किंवा जोडी मिळताच ऑल-इन जावे.