व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी
वेल्हे, भोर किंवा मुळशीच्या डोंगराळ भागातून केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या मोफत सेवेद्वारे डॉक्टरांचा सल्ला घेणार असाल, तर चालू गोळ्यांची नावे आणि मिलिग्रॅमचे आकडे स्ट्रिपवरून पाहून कागदावर ठळक अक्षरांत उतरवून ठेवावेत, कारण रेंज कमी झाली की चित्र अडकते आणि ‘ती सकाळची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच उमगत नाही. (स्ट्रिप कापताना नावाचा तुकडा शेवटपर्यंत राखावा, आमच्या घरी नेमका तोच आधी कापला जातो.) घरात रेंज टिकत नसेल, तर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून संपर्क जोडून घ्यावा; तेथे रक्तदाबही मोजून सांगता येतो. छातीत दुखत असल्यास मात्र थेट १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.