डिफरन्शियल बदलताय? निदान या चुका तरी टाळा

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी, घरघरायला लागला की काही मालक आवाज गाण्यांखाली दाबतात, काही पान्यांची पेटी काढून बसतात. माझं भांडण दुसऱ्यांशी. त्यांनी अर्धवट उघडलेलं काम शेवटी माझ्याच पुढ्यात येतं.

सर्वांत जास्त घात करते ती क्रश स्लीव्ह. पिनियनच्या (जोर आत आणणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) दोन बेअरिंगांमधली ही पातळ नळी नट आवळताना चेपते आणि बेअरिंगवर प्रीलोड, म्हणजे आधीच ठेवलेला दाब, येतो. ती चेपायला कित्येकदा ३०० न्यूटन-मीटरहून जास्त जोर लागतो. नव्या बेअरिंगांवर पिनियन फिरवताना मात्र साधारण २ ते ३ न्यूटन-मीटरच लागायला हवेत. राक्षसासारखं आवळायचं आणि सोनारासारखं थांबायचं, असं हे काम.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका पोराने इथे नट झटक्यांनी आवळणारी इम्पॅक्ट गन लावली. दोन सेकंदांत पिनियन हाताने फिरेना. त्याने गुपचूप नट पाव फेरा सैल केला, पिनियन छान फिरू लागला आणि स्वारी खूश. मीही तपासलं नाही, ही चूक माझी. चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही, सैल नटाखाली ती काहीच धरून ठेवत नाही. तीन आठवड्यांत गाडी परत आली ती अॅक्सिलरेटर दाबला की किंचाळत. पिनियन मागेपुढे हलत होता, नवे दात कडेला खरवडलेले. क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं दातेरी चाक) आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात. दुसरी जोडी माझ्या खिशातून आली.

तेव्हापासून या नटाला गन नाही. फ्लँज (पिनियनच्या टोकाची तबकडी) धरायचा दांडा, लांब पाना आणि दर थोड्या आवळणीनंतर काट्याच्या छोट्या टॉर्क रेंचने मोजणी. ‘टक्’ वाजणारा रेंच इथे बिनकामाचा, कारण फिरताना लागणारा जोर सतत दिसायला हवा. जास्त आवळलं गेलं तर स्लीव्ह नवीन. म्हणून दोन जादा आणून ठेवतो.

बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक, अंदाजपंचे ठेवणाऱ्यांबद्दल काय बोलावं! बऱ्याच गाड्यांत तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो; आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. डायल गेज लावून क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजा, मग दातांना मार्किंग पेस्ट लावून दात एकमेकांवर कुठे टेकतात त्याचा ठसा पाहा.

बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी डावी-उजवी खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. ऑइल सोडण्याआधी भरायचा प्लग उघडतो का ते बघा. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तुंबलेला असेल तर नवं सीलही गळेल.

मेकॅनिक निवडताना मी एकच विचारायला सांगतो, “बॅकलॅश किती ठेवणार?” “हाताला कळतं” असं उत्तर आलं तर गाडी घेऊन निघा. बेअरिंग छिन्नी-हातोड्याने काढणारा असेल, पुलर आणि प्रेस नसेल, तरीही निघाच.

काम झाल्यावर लगेच घाटात पळवू नका. १५-२० मिनिटं सावकाश चालवून पूर्ण थंड होऊ द्या. साधारण ८०० किलोमीटरला ऑइल बदला. त्यात बारीक चमचमता चुरा दिसेल, तो चालतो. तुकडा दिसला तर कव्हर पुन्हा उघडा.