मोर्चात फोटो काढणार असाल तर ही तयारी आदल्या रात्रीपासून करा

आझाद मैदान असो, कलेक्टर ऑफिस असो की पुण्यातला अलका चौक, आंदोलनात फोटो काढायचं काम तुमच्याकडे आलं असेल तर तयारी आदल्या रात्रीच करून ठेवा, कारण एकदा घोषणा सुरू झाल्या की सेटिंग शोधत बसायला कुणाला वेळ नसतो. पहिलं काम कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करणं. अँड्रॉइडवर ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच सापडतं, आयफोनवर प्रायव्हसीत जाऊन लोकेशन सर्व्हिसेसमध्ये कॅमेऱ्यासमोर 'नेव्हर' करायचं. हे चालू राहिलं तर प्रत्येक फोटोसोबत कुठे काढला ती जागासुद्धा फाईलमध्ये नोंदवली जाते. त्याच वेळी आयफोनचं लाइव्ह फोटो आणि अँड्रॉइडचं मोशन फोटोसुद्धा बंद करा, हे तर बहुतेक जण विसरतातच. तुम्ही फोटो अगदी नीट पाठमोरा घेतलेला असतो पण त्याच्यासोबत दोन-तीन सेकंदांचा व्हिडिओ आवाजासकट सेव्ह झालेला असतो आणि त्यात फोटोतली बाई वळून बघते, मागून कुणीतरी तिला नावाने हाक मारतं.

ऑटो बॅकअप त्या दिवसापुरता बंद ठेवायचा, नाहीतर मूळ फोटो तुम्ही घरी पोचायच्या आत क्लाउडवर जाऊन बसतात आणि गुगल फोटोज तर चेहऱ्यांप्रमाणे वेगवेगळे गटही करून ठेवतं. फिंगरप्रिंट आणि फेस अनलॉक काढून टाका, मोठा पिन ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणंही बंद करा. चार्जर, पॉवर बँक, पाणी हे काही मी सांगायला नको.

आता एवढं सगळं कशाला, आपण काय चोरी करतोय का, असं आपलेच लोक विचारतात. चोरी करत नाही हे खरंच आहे, शांतपणे जमायचा हक्क घटनेनेच दिलाय. पण जरा गर्दीत कोण कोण असतं ते बघा. एमपीएससीचा अभ्यास करणारा पोरगा असतो, एक गुन्हा दाखल झाला की त्याची चारित्र्य पडताळणी अडकते. कंत्राटी नर्स असते जिचं कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं असतं. आशाताई, अंगणवाडीच्या ताई असतात, दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच सुपरवायझरसमोर उभं राहायचं असतं. घरी न सांगता आलेली मुलगी असते. तिकडे लखनौमध्ये २०२० च्या मार्चमध्ये सरकारने सीएए म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधी आंदोलनातल्या आरोपींचे फोटो, नाव, पत्त्यासकट चौकात होर्डिंगवर लावले होते, ते काढून टाका असा आदेश अलाहाबाद हायकोर्टाला द्यावा लागला. आणि त्याच महिन्यात अमित शहांनी लोकसभेत सांगितलं की दिल्ली दंगलीत चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर वापरून अकराशेच्या वर लोक ओळखले, त्यासाठी मतदार ओळखपत्र आणि ड्रायव्हिंग लायसन्सचा डेटा घातला होता. ते प्रकरण दंगलीचं होतं पण ते सॉफ्टवेअर शांत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही तसंच चालतं.

पोलिसांचा स्वतःचा व्हिडिओवाला मोर्चात असतोच, वर सीसीटीव्ही आहेत, कधी ड्रोन असतो. त्यामुळे आपण चेहरे झाकले म्हणजे सगळे सुरक्षित झाले असं कुणालाही सांगू नका, ते खोटं ठरेल. आपल्या हातात एवढंच आहे की आपल्या फोटोमुळे कुणाच्या मालकाला, कॉलेजच्या प्रिन्सिपलला, गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपला किंवा ट्रोल टोळीला आयता चेहरा मिळू नये. आणि बऱ्याच जणांना पोलिसांपेक्षा याचाच त्रास जास्त होतो.

मैदानात गेल्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फ्रेम, नंतरच्या एडिटिंगवर विसंबू नका, जो चेहरा घेतलाच नाही तो कधी लीक होत नाही. मागून घ्या, उंचावरून लांबचा घ्या, हात, झेंडे, फलक, चपला, भाकरीचं गाठोडं घ्या. असे फोटो फिके पडतात असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१८ चा किसान लाँग मार्च आठवावा. नाशिकहून ६ मार्चला निघालेले शेतकरी १८० किलोमीटरच्या आसपास चालून १२ तारखेला आझाद मैदानात पोचले, दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालले, आणि मुंबईला ज्या फोटोंनी हलवलं ते सोलवटलेल्या, फोड आलेल्या पायांचे होते.

जवळून चेहरा घ्यायचाच असेल तर विचारा, आणि नीट विचारा. नुसतं 'ताई फोटो काढू का' म्हटलं की बहुतेक जणी हो म्हणतात, त्यांना वाटतं घरच्यासारखा फोटो आहे. 'ताई, हा फेसबुकवर जाणारे, पेपरातही येऊ शकतो, तुमच्या ऑफिसातलं कुणी बघेल, चालेल ना?' असं पूर्ण विचारलं की खरं उत्तर कळतं. काही जणी तिथेच पदर ओढून घेतात, तर काही म्हणतात काढ बाळा, मंत्र्याला दिसू दे. ही दुसरी बाई फार महत्त्वाची आहे. सुरगाण्याहून चालत आलेल्या माणसाला आपला चेहरा दिसायला हवा असेल तर आपण शहाणपणा करून त्याच्यावर काळा चौकोन मारणं हा त्याचा अपमान आहे, म्हणून सरसकट झाकाझाकीच्या मी विरोधात आहे. स्टेजवरचे नेते, भाषण करणारे यांचा प्रश्नच नाही. लहान मुलांचे चेहरे मात्र घेऊ नका, आई हो म्हणाली तरी.

चेहऱ्याशिवाय बाकीचं काय ओळखू येतं ते स्क्रीन झूम करून बघायची सवय लावा. गळ्यातलं आयकार्ड, ॲप्रनवरची नावाची पट्टी, हातावर गोंदलेलं नाव, गाडीचा नंबर, युनियनच्या फलकावर तालुका आणि शाखेचं नाव (छोट्या शाखेत दहाच जणी असतात, मग कोण ते लगेच कळतं), शाळेचा युनिफॉर्म. बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरोधात २० ऑगस्ट २०२४ ला लोक रेल्वे रुळांवर उतरले तशा प्रकारच्या आंदोलनात तर दुप्पट जपायचं, कारण तिथे पीडित मुलींचे नातेवाईक, शेजारी उभे असू शकतात आणि पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधी कायद्याच्या) कलम २३ मध्ये मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा यातलं काहीही ओळख पटेल असं छापायला मनाई आहे. आपण पत्रकार नाही, साधी पोस्ट टाकतोय, असं म्हणून यातून सुटका नसते.

घरी आल्यावर घाईत पोस्ट करू नका, मस्त जेवा आणि मग बसा. चेहरा झाकायचा तर पूर्ण भरलेला चौकोन किंवा गोल टाका, हलका ब्लर नको. धुरकट केलेले, चौकोन चौकोन केलेले चेहरे कॉम्प्युटर ओळखू शकतो हे २०१६ मध्येच संशोधकांनी दाखवलंय. आयफोनवरच्या हायलायटर पेनाने काळं करायचं तर अजिबात नाही, तो रंग अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसतं. सिग्नल ॲपमध्ये २०२० पासून चेहरे आपोआप शोधून ब्लर करणारं टूल आहे, गर्दीच्या फोटोला पटकन कामी येतं पण बाजूने दिसणारे चेहरे त्यातून सुटतात, ते हाताने झाका आणि तेही जाड. कडेचा माणूस क्रॉप करून काढला तरी निर्धास्त राहू नका, २०२३ च्या मार्चमध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलमधली चूक बाहेर आली होती, क्रॉप केलेला भाग परत काढता येत होता. म्हणून झाकून झालं की त्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तोच पाठवायचा, त्यात मूळ फोटोची लोकेशन वगैरे माहितीही येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते पण क्वालिटी राहावी म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला की सगळीच्या सगळी जाते, आणि ग्रुपवर डॉक्युमेंट करूनच पाठवायची सवय खूप जणांना आहे.

अजून एक, एकच बाई पाच फोटोंत असते. एकात चेहरा झाकला आणि दुसऱ्यात तीच हिरवी साडी, तीच पिशवी आणि चेहरा उघडा, मग झाकून काय उपयोग. सगळे फोटो शेजारी शेजारी लावून बघा. बरोबरच्या फोटोवाल्यांशीही आधीच बोलून ठेवा, कारण तुम्ही झाकलेला माणूस त्यांच्या स्टोरीवर उघडा असेल तर तुमची मेहनत वाया.

मूळ फोटो सगळे डिलीट करा असं मी सांगणार नाही. लाठीचार्ज झाला तर तेच पुरावा असतात, १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवरच्या लाठीचार्जमध्ये काय झालं ते महाराष्ट्राने व्हिडिओंमुळेच पाहिलं. कोर्टात न्यायचं तर मूळ फाईलला हात लावलेला नसावा, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून निघणारा कोड, फाईल जरा जरी बदलली की तोही बदलतो) भरावी लागते, त्यामुळे एडिट नेहमी कॉपीवर करायचं. मारहाणीचे, जखमींचे मूळ फोटो पासवर्ड असलेल्या पेन ड्राइव्हवर काढा, एक प्रत वकिलाकडे द्या आणि फोनमधून काढून टाका, ट्रॅशमधूनसुद्धा. ज्याचं काहीच काम नाही असे गर्दीचे शेकडो चेहरे मात्र साठवून ठेवू नका.

पोस्ट टाकताना कॅप्शनमध्ये नावं नकोत, टॅग नकोत, 'अमुक ताई आमच्या शेजारच्या' असलं काही नको. खाली कमेंटमध्ये कुणीतरी कौतुकाने नाव लिहितंच, 'अरे ही तर आपली सविता', ती कमेंट लगेच उडवा आणि त्या माणसाला इनबॉक्समध्ये समजावून सांगा. आणि कुणाचाही फोन आला की माझा फोटो काढून टाका, तर कारण विचारत बसू नका, आधी काढा. हे काम एकाच माणसाकडे द्या, त्याचा नंबर निघायच्या आधी बसमध्येच सगळ्यांना देऊन ठेवा.