जुलाबाचा जंतू ओळखण्याआधी अंगातले पाणी पाहा

पहिला मोठा पाऊस होऊन विहिरीचे पाणी गढूळ झाले की थोड्याच दिवसांत गावात जुलाबाचे रुग्ण दिसू लागतात, आणि जंतू कोणता हे घरोघर विचारले जाते. घरच्या माणसाने मात्र आधी रुग्णाच्या अंगातले पाणी किती कमी झाले ते पाहावे, कारण पाण्यासारख्या जुलाबांत जीव जातो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. बेंबी आणि कूस यांच्यामधली पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. घडी हळूहळू मोडत असेल, डोळे खोल गेले असतील, मूल पाण्यावर झडप घालत असेल, तर पाणी कमी झाले आहे असे समजावे. घडी दोन सेकंदांहून अधिक टिकली किंवा मूल सुस्तावून पिईनासे झाले, तर त्याच क्षणी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

एरवी जलसंजीवनी (ओआरएस) सुरू करावी. १ लिटरचे पाकीट उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण ओतावे. अर्धे पाकीट अंदाजाने वापरू नये. पाकीट नसल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ वाढवणे लहान मुलाला घातक ठरू शकते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. ते बंद करण्याची आपल्याकडची सवय मला सर्वांत घातक वाटते. सोबत जस्ताची (झिंकची) गोळी १४ दिवस द्यावी: रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बाळाला १०.

साखर-मिठाचे हे पाणी इतके गुणकारी का, हे पटकीवरून (कॉलऱ्यावरून) समजते. पटकीच्या जंतूचे विष शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात दाखवून दिले. या विषामुळे आतडे क्षार आणि पाणी बाहेर टाकत राहते, पण ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेण्याची त्याची वाट शाबूत राहते, आणि त्यामागून पाणीही आत येते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचे ग्लुकोज-मिठाचे द्रावण पाजले, तेव्हा सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ३.६ टक्क्यांवर आला.

आता जंतूकडे वळू. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, ताप नाही, पोटात फारशी कळ नाही आणि काही तासांत धडधाकट माणूस गळून गेला, तर पटकीचा संशय धरून आशाताईंना लगेच कळवावे. प्रतिजैविक देण्यापूर्वी शौचाचा नमुना घेतला जाईल असे पाहावे. मुलांचे बाकीचे पाण्यासारखे जुलाब पुष्कळदा ई. कोलायच्या विष तयार करणाऱ्या प्रकाराचे किंवा रोटा विषाणूचे असतात. घरी त्यांतला फरक कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते, कारण दोन्हींत प्रतिजैविक सहसा लागत नाही. रक्त आणि शेम पडणे, ताप, कुंथावे लागणे ही लक्षणे मुख्यतः शिगेला या जंतूची. येथे औषध लागते, पण ते डॉक्टरांनीच ठरवावे, कारण अनेक जुनी औषधे या जंतूपुढे निकामी झाली आहेत. मुलाला जुलाब थांबवण्याची गोळी कधीही देऊ नये.

प्रतिबंधातही शिगेला आणि पटकी यांत फरक आहे. शिगेलाचे १० ते १०० जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, म्हणून पाणी स्वच्छ असले तरी शौचानंतर आणि बाळाचे दुपटे धुतल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. पटकीला बहुधा त्याहून कितीतरी अधिक जंतू लागतात आणि ते मुख्यतः पाण्यातून येतात, म्हणून तेथे विहीर पाहावी. विहिरीत टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे पोते दमट जागी उघडे राहिले तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो; तेव्हा पावडर टाकली एवढ्यावर समाधान न मानता शेवटच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी चाचणी करावी, आणि पाणी पिवळे झाले नाही तर ते उकळूनच प्यावे.