वजनाच्या ऑपरेशननंतर दिवस राहण्याआधीची तयारी

पोटाचं बायपास झाल्यावर चार महिन्यांत माझी पाळी नेमाने यायला लागली आणि सासूबाई म्हणाल्या, "आता आखाजीला गोड बातमी दे." पहिली तयारी हीच, घरच्यांना समजावण्याची. वजन उतरलं की पीसीओडी असलेल्या बाईलाही पटकन दिवस राहू शकतात, पण तेव्हा अंगातलं लोह आणि बी-१२ तळाला गेलेलं असू शकतं. निदान १२ ते १८ महिने थांबाच. आणि हे थांबणं रोजच्या गोळीवर सोपवू नका. बायपासनंतर ती पुरेशी शोषली जाईल याचा भरवसा नाही. तांबी बसवून घ्या.

मूल हवं असं ठरलं की तांबी काढण्याआधीच रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. दिवस राहिल्यावर दर तिमाहीला पुन्हा. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू हवं. डोस डॉक्टर ठरवतील. मल्टीव्हिटॅमिनच्या डबीवर 'रेटिनॉल' (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असेल तर गोळी बदलून मागा, गरोदरपणी ते बाळाला बाधतं. लोह आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने, चहासोबत तर मुळीच नको.

ताटात आधी डाळ, अंडं, पनीर. कळण्याची भाकरी त्यानंतर, चतकोरच. डोहाळजेवणात खापरावरचे मांडे आग्रहाने वाढतात, तिथे नवऱ्याने मध्ये पडावं. वैशाखात तर पाण्याची बाटली उशाशीच ठेवा आणि घोट घोट पीत राहा, इवल्या पोटात एकदम तांब्याभर पाणी मावत नाही.

साखरेच्या तपासणीचं मात्र आधीच बोलून ठेवा. सहाव्या महिन्यात लॅबमध्ये मी ग्लुकोजचं पाणी प्यायले आणि थोड्याच वेळात घामाने ब्लाउज भिजला, छाती धडधडली, बाकावर आडवी झाले. ऑपरेशनचं त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. बायपास झालेलीने त्याऐवजी आठवडाभर घरीच बोट टोचून साखर मोजता येते का, हे डॉक्टरांना विचारावं.

ऑपरेशनचे कागद प्रत्येक तपासणीला न्या. उलट्या थांबत नसतील तर अंगातलं बी-१ जीवनसत्त्व संपू शकतं, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि पोटात जोराची कळ आली तर 'गॅस असेल' म्हणत ओवा चावत बसू नका. बायपासनंतर आतडं आत अडकू शकतं, त्याला तासांचाही उशीर परवडत नाही. सर्जनचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये आजच घाला, आणि रात्री गाडी कोण काढणार तेही ठरवून ठेवा.