सीएसएसमधला ब्लर: या चुका टाळा

सीएसएसने (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) बॅनरच्या फोटोला ब्लर दिला आणि त्यावरचं शीर्षकही धूसर झालं, असं पहिल्याच प्रयत्नात बहुतेकांचं होतं. ब्लर 'फिल्टर' या गुणधर्मातून दिला जातो आणि फिल्टर नुसत्या बॅकग्राउंडला लागत नाही. ब्राउझर ज्याला फिल्टर दिलाय तो एलिमेंट (पानावरचा घटक) पोटातल्या सगळ्या मजकुरासकट आधी रंगवतो आणि मग त्या आख्ख्या चित्रावर ब्लर फिरवतो. म्हणून आतल्या शीर्षकाला 'फिल्टर: नन' लिहून काही होत नाही, त्यावर तास घालवू नका. फोटो वेगळ्या डिव्हमध्ये (साध्या चौकटीच्या एलिमेंटमध्ये) किंवा 'बिफोर' सूडो-एलिमेंटमध्ये (सीएसएसने तयार होणाऱ्या जादाच्या घटकात) घ्या, ब्लर फक्त त्याला द्या आणि मजकूर त्याच्या शेजारचा एलिमेंट म्हणून वरच्या थरात ठेवा.

मग कडा फिक्या दिसू लागतात, कारण कडेचे पिक्सेल बाहेरच्या पारदर्शक जागेत मिसळतात. ब्लरला दिलेला आकडा हे गाउसियन वक्राचं प्रमाण विचलन (तो वक्र किती पसरट आहे याचं माप) असतं आणि त्याचा पसारा साधारण तिप्पट अंतरापर्यंत जातो. १० पिक्सेलचा ब्लर असेल तर फोटो चारही बाजूंना ३० पिक्सेल बाहेर काढा आणि पेरेंटला (तो ज्याच्या आत आहे त्या एलिमेंटला) 'ओव्हरफ्लो: हिडन' लावा, म्हणजे बाहेर आलेला भाग कापला जाईल.

ब्लर मुळीच दिसत नसेल तर आधी एकक तपासा. नुसता ५ चालत नाही, टक्केही चालत नाहीत. दुसरी शक्यता म्हणजे ब्लर एका ओळीत आणि ब्राइटनेस दुसऱ्या ओळीत लिहिलाय. फिल्टरची नंतरची ओळ आधीची पुसून टाकते. दोन्ही एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविराम न देता लिहा.

धुरकट काचेसारखा परिणाम हवा असेल तर तिथे बॅकड्रॉप-फिल्टरच (एलिमेंटच्या मागे दिसणारं धूसर करणारा गुणधर्म) लागतो. एलिमेंटचा स्वतःचा रंग अपारदर्शक असेल तर मागचा ब्लर झाकला जातो, तेव्हा रंग अर्धपारदर्शक ठेवा. तरीही जमत नसेल तर वरच्या एखाद्या पेरेंटला फिल्टर, बॅकड्रॉप-फिल्टर किंवा १ पेक्षा कमी ओपॅसिटी (अपारदर्शकता) आहे का बघा. असेल तर काचेला त्या पेरेंटच्या पलीकडचं काही दिसतच नाही. सफारीच्या १८ च्या आधीच्या आवृत्त्यांसाठी वेबकिट प्रीफिक्सची (नावाआधी '-webkit-' असलेली) ओळही द्या.

सापडायला सगळ्यात अवघड चूक पोझिशनची. पॉपअप उघडताना मागचं पान धूसर करायचं म्हणून संपूर्ण रॅपरला (सगळं पान ज्याच्या आत आहे त्या एलिमेंटला) फिल्टर दिला जातो, आणि त्यातला फिक्स्ड (स्क्रीनवर एकाच जागी राहणारा) हेडर अचानक पानाबरोबर सरकायला लागतो. फिल्टर लागलेला एलिमेंट आतल्या फिक्स्ड एलिमेंटचा नवा आधार बनतो, व्ह्यूपोर्ट (ब्राउझरची दिसणारी खिडकी) आधार राहत नाही. हेडर आणि पॉपअप दोन्ही रॅपरच्या बाहेर काढा.

ॲनिमेशनमध्ये ब्लरचा आकडा बदलत नेला तर प्रत्येक फ्रेमला तो पुन्हा काढावा लागतो आणि साधा फोन अडखळतो. आधीच धूसर केलेली प्रत वर ठेवून तिची ओपॅसिटी बदला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: खाते क्रमांक, पत्ता किंवा कुणाचा चेहरा लपवायला सीएसएसचा ब्लर कधीही वापरू नका. डेव्हलपर टूल्समध्ये ती एक ओळ बंद केली की सगळं उघडं पडतं. स्क्रीन रीडर तो मजकूर वाचून दाखवतो, आणि धूसर बटणावर टॅब की दाबत पोचताही येतं. बटणं थांबवायची तर 'इनर्ट' हे एचटीएमएल ॲट्रिब्यूट वापरा. गुपित माहिती सर्व्हरवरून पाठवूच नका, आणि फोटो अपलोड होतानाच त्यातला चेहरा भरीव रंगाने झाका.