पडदा सुटतोय का, हे वेळेत कसं ओळखावं

‘दुखत नव्हतं, डोळा लालही नव्हता, म्हणून थांबले दोन दिवस.’ डोळ्यांच्या ओपीडीत नंबर तपासताना, थेंब घालताना मी हे वाक्य सतत ऐकते आणि दर वेळी जीव कळवळतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पडदा, म्हणजे रेटिना, फाटला तरी दुखत नाही आणि मागच्या भिंतीपासून सुटला तरी दुखत नाही, कारण त्याला वेदना कळतच नाही. तेव्हा दुखण्याची वाट पाहू नका.

आधी स्वतःची जोखीम ओळखा

उणे 3 च्या पुढचा नंबर, त्यातही उणे 6 च्या पुढचा; मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं; एका डोळ्याचा पडदा पूर्वी सुटलेला; आईवडील किंवा भावंडांत कुणाला हा त्रास; डोळ्याला लागलेला चेंडू, विटी किंवा रंगपंचमीचा फुगा. माराचा परिणाम कधीकधी काही महिन्यांनी दिसतो. जुन्या मधुमेहातही पडदा ओढला जाऊन सुटू शकतो.

‘लेसरने नंबर काढला, आता काळजी नाही,’ हा सल्ला सरळ चुकीचा आहे. लेसिकमध्ये फक्त डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा आकार बदलतो. मोठ्या उणे नंबरात लांबट झालेला डोळा आणि त्यात ताणून पातळ झालेला पडदा आहे तसेच राहतात. जुन्या नंबरचा कागद जपून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना तो नंबर सांगा.

मग लक्षणं

डोळ्याच्या आत पारदर्शक जेल असतं. पन्नाशी-साठीत, आणि मोठा नंबर असला तर त्याआधीच, ते पातळ होऊन पडद्यापासून सुटं होतं. सुटताना ते पडद्याला ओढतं, तेव्हा कडेला चमक दिसते. ओढ जास्त पडली की पडदा फाटतो, बारीक रक्तवाहिनी तुटते आणि डोळ्यासमोर काळे कण येतात. त्या भोकातून पाणी पडद्यामागे शिरलं की तो सुटू लागतो आणि सावली दिसते. अचानक चमक किंवा ठिपके सुरू झालेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांचा पडदा फाटलेला सापडतो. म्हणूनच ‘वयामुळे होतं’ असं म्हणून घरी बसणं मला मान्य नाही.

वर्षानुवर्षं तरंगणारा एखादा केस किंवा माशी वेगळी. घाबरायचं ते नव्या गोष्टींना: कालपर्यंत नसलेले ठिपके, चुलीवरून काजळी उडावी तसे पुष्कळ कण, अंधारात डोळा फिरवताच कानशिलाच्या बाजूला लकाकणारी रेघ. अर्धशिशीची चमक बहुधा दोन्ही डोळ्यांना दिसते, नागमोडी असते, पसरत जाते आणि अर्ध्या तासात विरते.

एकेक डोळा तपासणं: इथेच सगळे फसतात

दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. विशेषतः नाकाच्या बाजूची नजर दोन्ही डोळ्यांची सामाईक असते. तिथे आलेली सावली कित्येकांना दुसरा डोळा चोळताना योगायोगाने कळते. म्हणून तपासणी एका वेळी एकाच डोळ्याची.

रुग्णांना ही तपासणी शिकवताना मी बराच काळ अडखळत होते, कारण माणसाची नजर हलत्या बोटाकडे पळतेच. नजर पळाली की तपासणी वाया. त्यावर मला सापडलेला उपाय असा. चष्मा लावून, चांगल्या उजेडात, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर तीन-चार फुटांवर बसा. डावा डोळा डाव्या तळहाताने झाका. बोटांनी नको, फटींतून दिसतं. आणि दाबू नका, नाहीतर हात काढल्यावर काही वेळ अंधुक दिसेल. आता कॅलेंडरवरचा एक आकडा पकडा आणि तो मोठ्याने म्हणत राहा. तोंड त्या आकड्यात गुंतलं की नजरही तिथेच टिकते. मग उजव्या हाताचं बोट हलवत वरून, खालून, कानाकडून आणि नाकाकडून हळूहळू मध्ये आणा. नाकाच्या बाजूने ते जरा उशिरा दिसणार, नाक आड येतं. नंतर दुसरा डोळा. एका डोळ्याला एखाद्या बाजूला दुसऱ्यापेक्षा कमी दिसलं तर तो फरक खरा धरा.

तरंगणारे ठिपके डोळा थांबल्यावरही थोडे वाहत जातात. सुटलेल्या पडद्याची सावली ठरलेल्या बाजूलाच राहते आणि तासांत किंवा दिवसांत वाढते. सावली खालून येत असेल तर जास्त घाई करा. पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्यामुळे खालची सावली म्हणजे पडदा वरून सुटलेला. वरचं पाणी खाली उतरतं आणि बारीक वाचायला लागणारा मधला भाग, मॅक्युला, लवकर गाठतं. तो चिकटलेला असतानाच ऑपरेशन झालं तर नजर पुष्कळ वाचते.

एक गोष्ट ठासून सांगते. ही तपासणी नीट आली म्हणून पडदा शाबूत आहे असं मुळीच नाही. फाटला आहे पण अजून सुटलेला नाही, तेव्हा चारही बाजूंचं स्वच्छ दिसतं. नवी चमक आणि नवे ठिपके एवढंच कारण त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे. सावली दिसली तर रात्र असली तरी फोन करा.

दवाखान्यात

‘डोळे तपासायचेत’ म्हणून नाव लिहू नका, पुढची तारीख मिळेल. ‘सकाळपासून उजव्या डोळ्यात चमक आणि काळे ठिपके, पडदा तपासायचाय’ असं म्हणा. चष्म्याच्या दुकानात 6/6, म्हणजे नेहमीच्या चांगल्या नजरेची बारीक ओळ, वाचता आलं याला इथे अर्थ नाही. मॅक्युला सुटेपर्यंत 6/6 दिसू शकतं. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, डोक्याला दिवा लावून, पडद्याच्या कडेपर्यंत पाहणारी तपासणी हवी. आत रक्त असेल तर सोनोग्राफी. गावात रेटिनाचे डॉक्टर नसतील तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग गाठा. थेंबांनंतर काही तास गाडी चालवता येत नाही, कुणाला तरी सोबत न्या. गुलाबजल, मध, डोळ्यांचे व्यायाम यांनी फाटलेला पडदा जुळत नाही.

नुसता फाटला असेल तर बहुधा लेसरने भोकाभोवतीचा पडदा चिकटवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. सुटला असेल तर ऑपरेशन. डोळ्यात गॅस भरला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत विमानप्रवास बंद.

‘फक्त जेल सुटलंय, पडदा ठीक आहे’ असं निघालं तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा, कारण फाट नंतरही पडू शकते. मधल्या काळात ठिपके वाढले तर ती तारीख येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जा.